काट्यावरचा कॉम्प्युटर आणि खिशातला मोबाईल, कोड एकच: कोटलिन मल्टीप्लॅटफॉर्ममधे वेगळा कोड कुठं ठेवायचा

दारव्हा-आर्णीपासून तर तिकडं दर्यापूर-मूर्तिजापूरपर्यंत बरीच पोरंपोरी आता ॲन्ड्रॉइड शिकून राहिली आहेत, आणि पहिलं खरं काम मिळते ते बहुतेक गावातलंच असते. कोण्या जिनिंगवाल्याला नाहीतर शेतकरी उत्पादक कंपनीला कापूस खरेदीची वही पाहिजे असते, आणि मागणी अशी की "भाऊ, काट्यावर कॉम्प्युटर आहे त्याच्यावर चालली पाहिजे आन् माह्या मोबाईलवर पण दिसली पाहिजे." मग पोरं दोन ॲप लिहायला बसतात, एक ॲन्ड्रॉइडचं, एक विंडोजचं, आणि सीझनच्या मधात भाव बदलला, हमालीचा नियम बदलला की दोन्हीकडं दुरुस्ती करता करता दोन वह्यांचे चुकारे वेगवेगळे निघायला लागतात. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे हा, दोन ठिकाणी दोन उत्तरं येऊन चालत नाही.

याच्यासाठी मी कोटलिन मल्टीप्लॅटफॉर्म सुचवतो, म्हणजे कोड एकदा लिहायचा आणि तोच मोबाईल, कॉम्प्युटर दोन्हीकडं चालवायचा अशी सोय. कोटलिन ही जेटब्रेन्सची भाषा, तिची १.० आवृत्ती २०१६ ला आली, २०१७ मधे गुगलनं ॲन्ड्रॉइडसाठी तिला अधिकृत पाठिंबा दिला आणि मल्टीप्लॅटफॉर्मचा भाग नोव्हेंबर २०२३ मधे स्टेबल जाहीर झाला. म्हणजे आता शिकायला हरकत नाही. साधं कोटलिन तुम्हाला येते असं धरून चाललो आहे. नवीन माणूस अडकतो तो "हे ॲन्ड्रॉइडवर एक चालते आणि विंडोजवर दुसरंच" याच्यावर, म्हणून तेवढंच घेऊ. कोडातले शब्द इथं उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, एडिटरमधे ते इंग्रजीतच टाइप करायचे.

पायरी १: टार्गेट कमी ठेवा

प्रोजेक्ट तयार करताना विझार्ड विचारतो कोणकोणते प्लॅटफॉर्म पाहिजे, आणि हात शिवशिवतो की सगळ्यांवर टिक करून टाकावं. नका करू. असा एकेक प्लॅटफॉर्म म्हणजे एक टार्गेट. फक्त ॲन्ड्रॉइड आणि डेस्कटॉप घ्या. डेस्कटॉप म्हणजे आतून जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारं व्हर्च्युअल मशीन), म्हणून विंडोज, लिनक्स दोन्हीवर चालते. टार्गेट जितके जास्त तितकं ग्रेडल (प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल) जास्त डाउनलोड करते, बिल्ड हळू होते आणि प्रत्येक वेगळ्या गोष्टीचा एक कोड जास्त लिहावा लागते.

पहिला सिंक भरपूर डेटा खातो, तो जिथं नेटवर्क चांगलं आहे तिथं बसून एकदा करून घ्या. त्याच्यानंतर ग्रेडलला ऑफलाइन मोडवर टाकता येते, मग लाईन गेली, रेंज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम चालू राहते. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एम्युलेटरच्या मागं लागू नका, केबल लावून खरा मोबाईल जोडा, यूएसबी डीबगिंग चालू करा.

पायरी २: फोल्डर ओळखा

सोर्स फोल्डरात तीन घरं दिसतील: कॉमनमेन, ॲन्ड्रॉइडमेन, जेव्हीएममेन. (स्पेलिंगमधे पहिला शब्द छोट्या अक्षरात आणि मेनचा एम मोठा, इथं चूक झाली तर ग्रेडल तो फोल्डर गुपचूप सोडून देते, एररही येत नाही कधीकधी.) कॉमनमेनमधलं दोन्हीकडं जाते. ॲन्ड्रॉइडमेनमधून कॉमनमधलं सगळं दिसते पण कॉमनमधून ॲन्ड्रॉइडमेनमधलं काहीच दिसत नाही, हे उलटं कधी होत नाही. म्हणून कॉमनमधे जावा डॉट आयओ मधला फाइल क्लास इम्पोर्ट करून पाहू नका. आज दोन्ही टार्गेट जावाचेच आहेत म्हणून कुठं चालूनही जाईल, पण आयफोन आला की तिथं जावाच नाही.

पायरी ३: कोड लिहायच्या आधी खरंच वेगळं काय आहे ते काढा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. नवीन लोकांची सवय अशी की काही वेगळं वागलं की लगेच दोन फोल्डरात दोन कोड. त्याच्या आधी एकदा विचारा: हे काम मशीनचं आहे का आपल्या धंद्याच्या नियमाचं?

वजन गुणिले भाव, हमाली वजा, ॲडव्हान्स वजा, उरलेला चुकारा, हे नियमाचं काम. शेतकऱ्याचं नाव रिकामं ठेवता येत नाही, एका गाडीच्या दोन पावत्या होऊ द्यायच्या नाहीत, हेही नियमाचंच. हे सगळं कॉमनमधे, डोळे मिटून. डेटाबेसची फाइल डिस्कवर कुठं राहील, काट्यावरून वजन कसं येईल, पावती शेतकऱ्यापर्यंत कशी जाईल, हे मशीनचं काम. एवढंच वेगळं.

आता एक उदाहरण जवळून पाहू, कारण यात पोरं हमखास फसतात. १७ क्विंटल ४५ किलो कापूस आला, २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. रक्कम होते १,४१,५१९ रुपये ५० पैसे. ही रक्कम पावतीवर छापायला तुम्ही नंबरफॉरमॅट नावाचा क्लास घेतला, लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) भारताचं इंग्रजी दिलं. मोबाईलवर बरोबर १,४१,५१९.५० दिसते. तोच क्लास, तेच लोकेल, काट्यावरच्या कॉम्प्युटरवर दिसते १४१,५१९.५०. काहून? तर ॲन्ड्रॉइड आतून आयसीयू नावाची लायब्ररी वापरते, तिला लाख-कोटीचे कॉमे समजतात, पण साध्या जेडीकेच्या (कॉम्प्युटरवरच्या जावाच्या) क्लासमधे सगळीकडं एकाच मापाचा गट करायची सोय आहे, म्हणून तो तीन-तीनचेच पाडतो. शेतकरी पावती वाचतो तेव्हा त्याला लाख कुठं संपला हे कॉमावरूनच समजते, त्यामुळं ही बारीक गोष्ट नाही.

आणि जर लोकेल मराठी दिलं, किंवा मोबाईलच मराठीत सेट केलेला असला, तर अजून एक गंमत होते: आकडे देवनागरीत येतात. दिसायला छान, आपल्या म्हाताऱ्या माणसांना वाचायला सोपं, पण तीच स्ट्रिंग तुम्ही डेटाबेसमधे टाकली आणि उद्या परत वाचून डबलमधे बदलायला गेले की ॲप आपटते, कारण जावाचं डबल वाचणारं फंक्शन देवनागरी अंक घेत नाही. तेच इंटिजर वाचणारं फंक्शन घेते! म्हणून टेस्टिंगमधे पूर्ण किलोवर सगळं ठीक चालते आणि दशांश आला की फुटते.

याचा उपाय दोन फोल्डरात दोन कोड हा नाही. उपाय असा की पैसे पैशातच ठेवा, लाँगमधे. वजन किलोत, तेही लाँगमधे. वर दिलेला हिशोब मग असा होतो: १७४५ किलो गुणिले ८११००० पैसे भागिले १००, म्हणजे १४१५१९५० पैसे, दशांशाची भानगडच नाही. डेटाबेसमधे हेच जाते. दाखवायच्या वेळी शेवटचे दोन अंक पैसे म्हणून बाजूला काढायचे, उरलेल्यातले शेवटचे तीन अंक वेगळे करायचे, आणि त्याच्या डाव्या बाजूचे उजवीकडून दोन-दोनच्या गटात तोडून मधे कॉमा टाकायचा. मायनस असेल तर चिन्ह आधी काढून ठेवायचं आणि शेवटी लावायचं. दहा-बारा ओळींचं साधं कोटलिन फंक्शन होते, कॉमनमेनमधे बसते, दोन्हीकडं अक्षर न् अक्षर सारखं. अंक देवनागरीत पाहिजे असले तर त्याच फंक्शनच्या शेवटी शून्य ते नऊ बदलून टाका. स्ट्रिंगचं फॉरमॅट फंक्शन वापरायचा मोह होईल, ते फक्त जेव्हीएमवालं आहे, कॉमन कोटलिनमधे नाही.

म्हणजे जी गोष्ट आपण स्वतः दहा ओळीत लिहू शकतो ती प्लॅटफॉर्मवर सोडायचीच नाही, हे माझं ठाम मत आहे.

पायरी ४: एक्सपेक्ट आणि ॲक्च्युअल

आता जे खरंच वेगळं आहे त्याच्यासाठी भाषेनं दोन शब्द दिले आहेत. कॉमनमेनमधे फंक्शनच्या आधी एक्सपेक्ट लिहायचं आणि फंक्शनचं पोट लिहायचंच नाही, महिरपी कंसही नको, फक्त नाव, काय घेते आणि काय परत देते. मग ॲन्ड्रॉइडमेनमधे तेच फंक्शन ॲक्च्युअल लावून पूर्ण लिहायचं, जेव्हीएममेनमधे परत ॲक्च्युअल लावून पूर्ण लिहायचं. मक्त्यानं शेत देताना कागदावर कसं असते, किती द्यायचं आणि केव्हा द्यायचं एवढंच लिहितात, पेरायचं काय आणि कसं ते करणाऱ्यावर. तसंच हे. एखाद्या टार्गेटनं ॲक्च्युअल दिलं नाही तर कंपायलर बिल्डच होऊ देत नाही, आणि हीच याची खरी ताकद आहे, ग्राहकाच्या काट्यावर गेल्यावर समजण्यापेक्षा आपल्या लॅपटॉपवर समजलेलं बरं.

सुरुवातीला छोटं काहीतरी करून पाहा. डिव्हाइसनेम नावाचं एक एक्सपेक्ट फंक्शन करा, स्ट्रिंग परत देणारं. ॲन्ड्रॉइडवर बिल्ड क्लासमधून मॉडेलचं नाव द्या, डेस्कटॉपवर सिस्टीम प्रॉपर्टीतून ओएसचं नाव द्या. पावतीच्या खाली "कोणत्या मशीनवरून निघाली" ते छापायला खरंच उपयोगी पडते.

दोन ठिकाणी अडकाल. पहिलं पॅकेज: एक्सपेक्ट आणि ॲक्च्युअल दोन्हीच्या फाइलीत वर पॅकेजचं नाव तंतोतंत एकच पाहिजे. फोल्डर वेगळा असला तरी पॅकेज एकच. नाव वेगळं पडलं की कंपायलर म्हणते ॲक्च्युअल सापडलं नाही, आणि तुम्ही तर डोळ्यासमोर लिहिलेलं पाहून राहिले, डोकं गरगरते. दुसरं फाइलीचं नाव: कॉमनमधे डिव्हाइस डॉट केटी असली आणि जेव्हीएममेनमधेही डिव्हाइस डॉट केटीच ठेवली तर डुप्लिकेट जेव्हीएम क्लास नेम अशी एरर येऊ शकते, कारण क्लासच्या बाहेर लिहिलेल्या फंक्शनसाठी कोटलिन फाइलीच्या नावावरून मागं एक क्लास बनवते आणि दोघांचं नाव एकच होते. म्हणून कॉमनमधे डिव्हाइस डॉट केटी, तर तिकडं डिव्हाइस डॉट ॲन्ड्रॉइड डॉट केटी आणि डिव्हाइस डॉट जेव्हीएम डॉट केटी. पद्धतच पडली आहे तशी.

फंक्शन आणि प्रॉपर्टीसाठी एक्सपेक्ट बिनधास्त वापरा. अख्ख्या क्लासला एक्सपेक्ट लावता येते पण तो भाग बीटामधे आहे, कंपायलर वॉर्निंग देते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा गरजच पडत नाही. का ते पुढं.

पायरी ५: इंटरफेस, आणि काटा

डेटाबेस उघडायला ॲन्ड्रॉइडला कॉन्टेक्स्ट (ॲपला सिस्टीमशी जोडणारा ऑब्जेक्ट) लागतो, डेस्कटॉपला कॉन्टेक्स्ट नावाची गोष्टच माहीत नाही. एक्सपेक्ट फंक्शनला आता पॅरामीटर काय देणार? कॉन्टेक्स्ट कॉमनमधे लिहिता येत नाही. मग काही जण ॲन्ड्रॉइडमेनमधे एक ग्लोबल व्हेरिएबल ठेवतात आणि ॲप सुरू होताना त्यात कॉन्टेक्स्ट कोंबतात. चालते, पण त्यात ॲक्टिव्हिटी अडकून बसली तर मेमरी लीक होते, आणि टेस्ट लिहिताना तो ग्लोबल आडवा येतो.

याच्यापेक्षा साधा इंटरफेस वापरा. आपण वजन काट्याचं घेऊ. कॉमनमेनमधे वेइंगस्केल नावाचा इंटरफेस, त्यात एकच सस्पेंड फंक्शन रीडकिलो. बस. खरेदीच्या स्क्रीनमागचा क्लास कन्स्ट्रक्टरमधे वेइंगस्केल घेतो, तो कुठून आला ते त्याला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. मग जेव्हीएममेनमधे सीरियलस्केल नावाचा क्लास तो इंटरफेस पाळतो, जेसीरियलकॉम लायब्ररीनं कॉम पोर्ट उघडतो आणि काट्याचं इंडिकेटर जे पाठवते ते वाचतो. ॲन्ड्रॉइडमेनमधे ब्लूटूथ काट्यासाठी वेगळा क्लास. डेस्कटॉपच्या मेन फंक्शनमधे सीरियलस्केल बनवून आत द्यायचा, ॲन्ड्रॉइडच्या ॲप्लिकेशन क्लासमधे ब्लूटूथवाला बनवून आत द्यायचा, तिथं कॉन्टेक्स्ट हाताशीच असतो, फक्त ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट द्या, ॲक्टिव्हिटीचा नाही. डेटाबेसचंही याच रस्त्यानं. कोइनसारखी लायब्ररी हे जोडायचं काम सोपं करते पण सुरुवातीला हातानं जोडा, समजते तरी काय चालू आहे.

आता इथंही सीमा बारीक ठेवायची. इंडिकेटर सतत ओळी पाठवत राहते, अर्धी ओळ हातात येऊ शकते, पुढं अधिकचं चिन्ह, मधे मोकळी जागा, मागं केजी, कधी काटा हलून राहिला म्हणून आकडा स्थिर नसते. ओळीचा नमुना कंपनीगणिक वेगळा, बॉड रेटही (पोर्टवरून डेटा यायचा वेग) इंडिकेटरच्या पुस्तिकेत पाहूनच टाकायचा. पण त्या ओळीतून १७४५ हा आकडा काढणं हे विंडोजचं काम आहे का? नाही. मजकूर वाचून आकडा काढायचा आहे, ते कॉमनमधे एका फंक्शनमधे लिहा. सीरियलस्केलनं फक्त बाइट आणून द्यायचे. ब्लूटूथवाल्यानंही फक्त बाइट आणून द्यायचे. असं केलं की उद्या काटा बदलला तर एकाच ठिकाणी दुरुस्ती, आणि प्लॅटफॉर्मच्या फोल्डरात वीस-पंचवीस ओळींच्या वर काही राहत नाही.

आणि हातानं वजन टाकायचा क्लास, मॅन्युअलस्केल, तो तर पूर्ण कॉमनमधेच बसतो. तो ठेवाच. सीझनमधे काट्यासमोर गाड्यांची रांग लागली असते आणि केबल हलली म्हणून पोर्ट सापडला नाही, तेव्हा ऑपरेटरला बटण दाबून हातानं वजन टाकता आलं पाहिजे, नाहीतर शेतकरी तासन् तास उभा राहते.

पावतीचंही असंच. इंटरफेसचं नाव कामावरून ठेवा, रिसीटसेंडर, इंटेंटलाँचर नाही. ॲन्ड्रॉइडवर आत शेअर इंटेंट असेल, मग व्हॉट्सॲपवर गेली पावती. डेस्कटॉपवर प्रिंटर असेल. मशीनचा शब्द इंटरफेसच्या नावात आला म्हणजे समजा की सीमा चुकीच्या जागी पडली आहे.

पायरी ६: एकाच प्लॅटफॉर्मच्या आतला फरक

वरचं सगळं बिल्ड करतानाच ठरते. पण काही फरक ॲप चालू झाल्यावरच समजतात. ॲन्ड्रॉइड १२ पासून, म्हणजे एपीआय ३१ पासून, ब्लूटूथच्या काट्याशी जोडायला ब्लूटूथ कनेक्ट ही परवानगी चालू ॲपमधे मागावी लागते, ॲन्ड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनचीही मागावी लागते. गावात जुने मोबाईल भरपूर आहेत, म्हणून एसडीके इंट (मोबाईलचा एपीआय नंबर) तपासून दोन्ही रस्ते लिहा. ही तपासणी ॲन्ड्रॉइडमेनच्या आतच राहू द्या, कॉमनला त्याचा वासही नको.

डेस्कटॉपवर ओएसचं नाव पाहून फाइलीची जागा ठरवा: विंडोजवर ॲपडेटाच्या फोल्डरात, लिनक्सवर युजरच्या होममधे. रस्ता जोडताना उलटा स्लॅश हातानं लिहू नका, फाइल क्लासला वरचा फोल्डर आणि आतलं नाव वेगवेगळं द्या, तो जोडतो.

मराठी नावांची एक्सपोर्ट फाइल काढणार असाल तर हे लक्षात ठेवा: जेडीके १८ च्या आधी विंडोजवर जावाचं डिफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ ८ नव्हतं, म्हणून फाइलरायटरला एन्कोडिंग न देता लिहिलं तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. कोटलिनचं राइटटेक्स्ट यूटीएफ ८ च धरते, ते वापरा. त्याच्यावरही सीएसव्ही एक्सेलमधे डबल क्लिकनं उघडली की नावं चित्रविचित्र दिसतात, कारण सुरुवातीला बीओएम नावाची खूण नसते. फाइलीच्या अगदी पहिल्या जागी ते अक्षर टाका, मग मुनीमजींना फोन करायची वेळ येत नाही.

पायरी ७: दुसऱ्यानं करून ठेवलेलं वापरा

डेटाबेससाठी एसक्यूएलडिलाइट घ्या, क्वेरी कॉमनमधे, फक्त ड्रायव्हर वेगळा. ॲन्ड्रॉइडचा ड्रायव्हर टेबल स्वतः तयार करून घेतो, डेस्कटॉपच्या जेडीबीसी ड्रायव्हरला स्कीमा तयार करायला सांगावं लागते, नाहीतर पहिल्याच पावतीला टेबल सापडत नाही म्हणते. नेटवर्कसाठी केटॉर, तारखांसाठी कोटलिनएक्स डेटटाइम. कोरुटीन वापरत असाल तर जेव्हीएममेनमधे स्विंगवालं कोरुटीन मॉड्यूल टाका, नाहीतर डेस्कटॉपवर मेन डिस्पॅचर नाही म्हणून ॲप सुरू होताच पडते. कोणतीही लायब्ररी कॉमनमधे टाकायच्या आधी तिच्या पानावर तुमचे सगळे टार्गेट दिले आहेत का ते पाहून घ्या.

पायरी ८: टेस्ट कॉमनटेस्टमधे

कॉमनटेस्ट फोल्डरात कोटलिन टेस्टनं टेस्ट लिहा. वेइंगस्केल इंटरफेस असल्यामुळं एक खोटा काटा बनवायला तीन ओळी लागतात, जो नेहमी १७४५ देतो. मग चुकारा १४१५१९५० पैसे येतो का, कॉमे बरोबर पडतात का, अर्धी ओळ आली तर पार्सर काय करते, शून्य वजनाची पावती अडते का, हे सगळं जेव्हीएमटेस्ट नावाच्या टास्कनं लॅपटॉपवरच चालते. काटा नको, मोबाईल नको, नेट नको. खरा काटा फक्त सीरियलस्केलच्या त्या वीस ओळींसाठी लागतो, तेवढं जिनिंगवर जाऊन, सकाळी गाड्या यायच्या आधी तपासून घ्या.

आणि आयफोन?

कोणी मागितला तेव्हाच. त्या दिवशी आयओएसचे टार्गेट जोडा, कंपायलर ज्या ज्या एक्सपेक्टचं ॲक्च्युअल नाही ते सगळे लाल करून दाखवेल. कॉमनमधे कुठं चुकून जावाचं काही घुसलं असेल तर तेही तेव्हाच उघडं पडेल. इंटरफेसचे क्लास मात्र स्वतः आठवून लिहावे लागतात, म्हणून ॲप सुरू होताना सगळे क्लास एकाच ठिकाणी जोडायची सवय ठेवा, ती जागा पाहिली की काय काय लिहायचं ते दिसते. शेवटचं ॲप बांधायला एक्सकोड लागते आणि एक्सकोड मॅकवरच चालते. मॅक नसेल तर गिटहब ॲक्शन्सचं मॅकवालं रनर आहे, सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी ते फुकट मिळते, बिल्ड होते का एवढं तरी त्याच्यावर पाहता येते. ॲप स्टोअरवर टाकायला ॲपलची वर्षाची ९९ डॉलर फी वेगळी, ती कामाच्या रकमेत आधीच धरून सांगा.